दांडेकर पुलाजवळच्या वेल्डिंगवाल्या काकांना थँक्यू

जुन्या बाजारातून दोन भंगार सायकली आणून पुढे पेटी बसेल अशी मालाची सायकल बनवली, आणि पहिल्याच फेरीत ३० किलो कांदे-बटाटे घेऊन निघालो तर दांडेकर पुलाजवळ जोड कडकन तुटला, बटाटे रस्ताभर. काका शटर ओढत होते, ते परत वर केलं. "नुसतं वरून चिकटवलंयस, रंगपण खरवडला नाहीस" म्हणत (खरंच होतं ते) ग्राइंडरने रंग काढला, नळीच्या आत दुसरी नळी सरकवली, कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी मारली. पातळ नळी जळू नये म्हणून टिपका द्यायचा, थांबायचं, परत टिपका. तोवर त्यांचा पोरगा गाड्यांमधून वाकून वाकून माझे बटाटे गोळा करत होता. पैसे फक्त वेल्डिंगच्या कांड्यांचे घेतले. काका, नाव विचारायचं राहिलंच, सायकल मस्त चालतीये!