मेळावा पालकांचा, बाप मात्र पानठेल्यावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रांत गेल्या आठवड्यात एका गृहस्थांनी विचारलं होतं, "आमच्या आजीनं आठ लेकरं वाढवली, ती कुठल्या पालकत्वाच्या वर्गाला गेली होती?" वाचून हसू आलं, थोडा रागही आला. मी एकात्मिक बालविकास योजनेत, म्हणजे साध्या भाषेत अंगणवाडीच्या खात्यात, मुख्यसेविका होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या पंचवीसेक अंगणवाड्या माझ्याकडे असायच्या. आता निवृत्त आहे, त्यामुळे मोकळेपणानं लिहिते.

आजी वर्गाला गेली नाही, कारण ती वर्गातच राहत होती. जावेचं, नणंदेचं, शेजारणीचं एखादं तान्हं घरात कायम असायचं. लग्न होईतो तिनं चार-पाच पोरं कडेवर वागवलेली असत. 'अडगुलं मडगुलं, सोन्याचं कडगुलं' म्हणत ती बाळाकडे बघायची, बाळ हुंकार द्यायचं, की ती पुढची ओळ म्हणायची. आम्हाला प्रशिक्षणात 'बाळाच्या प्रतिसादाला प्रतिसाद द्या' म्हणून शिकवलं ते याहून वेगळं काही नव्हतं. आजची मुलगी पहिलं तान्हं हातात घेते ते बहुधा स्वतःचंच. तिला कोणी दाखवायचं?

आणि आजीचंही सगळंच बरोबर नव्हतं. पहिला पिवळा चीक पिळून फेकायचा आणि बाळाच्या जिभेवर मध ठेवायचा, हेही आजीनंच शिकवलं. ते मोडून काढण्यात माझी निम्मी नोकरी गेली. आठ लेकरं वाढवली म्हणता, तर जन्मली किती होती हेही एकदा घरात विचारून बघावं.

तेव्हा वर्ग हवेत की नकोत, हा माझ्यापुरता वादाचा विषय नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. आपण ज्याला 'पालक मेळावा' म्हणतो तो आईंचा मेळावा असतो. दुसरा पालक तिथून शंभर पावलांवर पानठेल्यावर उभा असतो आणि त्याला कोणी बोलावलेलं नसतं.

हे नकळत झालेलं नाही. २ ऑक्टोबर १९७५ ला ही योजना सुरू झाली तेव्हा तिच्या सहा सेवांत 'पोषण आणि आरोग्य शिक्षण' ही एक होती. ती कोणासाठी? १५ ते ४५ वयाच्या महिलांसाठी. लेकराला काय भरवायचं, कसं सांभाळायचं हे ज्याला शिकवायचं त्याची व्याख्याच बाईपाशी सुरू होऊन बाईपाशी संपत होती. पुढे २०१८ मध्ये पोषण अभियान आलं. त्यात 'सुपोषण दिवस' खास नवऱ्यांना समजावून सांगण्यासाठी ठेवला आहे. कागदावर चांगली सुधारणा. प्रत्यक्षात काय व्हायचं ते सांगते. कार्यक्रम सकाळी अकराला. पुरुष शेतात, जिनिंगवर, नाहीतर तालुक्याला. बायकाच येत. रजिस्टरात नवऱ्यांची नावं लिहिली जात आणि समोर बायकांचे अंगठे. अशा रजिस्टरांवर मीही तपासल्याच्या सह्या केल्या आहेत. वरून आकडा मागितला जायचा, आकडा दिला जायचा.

त्या बायकाही फुकट येत नसत. दिवाळीनंतर कापसाची वेचणी लागली की किलोवर मजुरी मिळते. दोन तास मेळाव्यात बसायचं म्हणजे तेवढे किलो गेले. तरी येत. वर्तुळात उभं राहून सुताचा गुंडा एकमेकींकडे फेकायचा आणि फेकताना 'मी आज बाळाला हे गाणं म्हटलं', 'मी त्याला चमचा वाजवू दिला' असं सांगायचं, हा आमचा खेळ होता. पाच मिनिटांत सुताचं जाळं तयार व्हायचं. मेंदूत असेच धागे जुळतात, आणि दोन वर्षांच्या लेकराचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के वाढलेला असतो, हे सांगितलं की बायका त्या जाळ्याकडे बघत राहत. मग एखादी म्हणायची, "हे आमच्या घरच्यायले सांगा न, मॅडम. मी सांगतलं त कोण आयकते?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला अचानक मिळालं. एका गावात सकाळचा मेळावा पावसानं बुडाला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होता. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरं लाकडी नंदी सजवून मिरवतात आणि घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. वर्षातला हाच एक दिवस असा, की बाप पोराचं बोट धरून चारचौघांत उभा असतो आणि त्याला लाज वाटत नाही. मारुतीच्या पारावर तीस-चाळीस पुरुष होते. सेविका म्हणाली, इथंच घेऊन टाकू का? घेतला.

बाळाशी बोलत जा, असं मी सुरू केलं, तर मागून एक जण म्हणाला, "त्याले बोलता येत नाही, मंग बोलाचं काय?"

मी म्हटलं, "बैलाले येते का बोलता? मंग दिवसभर त्याच्याशी काय बोलता जी?"

पारावरचे सगळे हसले. तो माणूसही हसला. पण त्यानंतर जे झालं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. माणसं प्रश्न विचारू लागली. पोरगं मोबाइल दिल्याशिवाय जेवत नाही, काय करावं? भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्येच सांगितलंय की दोन वर्षांच्या आत स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला फार तर एक तास. हे सांगितल्यावर एकानं मुकाट्यानं मुलाच्या हातातला फोन काढून खिशात घातला. एकानं विचारलं, मी जवळ घेतलं की ते रडतेच, असं का? त्याला म्हटलं, तू रात्री येतोस तेव्हा ते झोपलेलं असतं, आणि जागं असलं की आई सांगते, 'थांब, बाबाले येऊ दे.' बाप म्हणजे धाक, एवढाच धडा आपण त्या लेकराला देतो. मग ते रडणार नाही तर काय करणार?

शाळेत मुलाला मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे. घरी 'दोन ठेवून दिल्या' हे अजून कौतुकानं सांगितलं जातं. स्वीडननं १९७९ मध्ये घरातली मारहाणही कायद्यानं बंद केली, तसं करणारा तो पहिला देश. पण ते लोक कायदा करून गप्प बसले नाहीत. दुधाच्या खोक्यांवर माहिती छापून घराघरात न्याहारीच्या टेबलावर पोचवली. ती खोकी आईबरोबर बापाच्याही हाताला लागत असणार.

यानं खरंच काही साधतं का, असं कोणी विचारेल म्हणून एक उदाहरण. जमैकाच्या किंगस्टन शहरात १९८६-८७ च्या सुमारास उंची खुंटलेली १२९ लेकरं निवडली होती, वय नऊ महिने ते दोन वर्षं. काहींना आठवड्याला एक किलो दूध पावडर दिली. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा, तासभर, आरोग्यसेविका जायची आणि टाकाऊ वस्तूंची खेळणी करून आईला बाळाशी खेळायला शिकवायची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. दोन वर्षांनी हे थांबलं. वीस वर्षांनी पुन्हा पाहिलं, तर ज्यांच्या घरी खेळ शिकवला होता ती मुलं कमाईत २५ टक्के पुढे होती. दूध पावडरीचा परिणाम मात्र टिकलेला दिसला नाही. पुढे ओडिशात कटकच्या वस्त्यांमध्ये याच पद्धतीनं काम झालं, तिथंही लेकरांच्या बुद्धीच्या वाढीत फरक आढळला. पोषण आहार बंद करा असा याचा अर्थ कोणी काढू नये, मी आयुष्यभर पाकिटं आणि वजनं मोजली आहेत. पण वजन, उंची, दंडघेर सगळं मोजून झाल्यावर 'घरात या लेकराशी कोण बोलतं?' असा रकाना माझ्या कुठल्याच रजिस्टरात नव्हता. आणि हो, जमैकातही शिकवलं ते मुख्यतः आईलाच. ते मला तेव्हाही खटकलं.

आपल्या सरकारची नजरही फार वेगळी नाही. राज्य सरकारी महिला कर्मचाऱ्यांना २०१८ मध्ये १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळाली. पुरुषाला ती केव्हा? बायको हयात नसेल किंवा आजारानं अंथरुणाला खिळली असेल तर. म्हणजे आई असेपर्यंत बाप हा राखीव खेळाडू. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आलं, फार चांगलं झालं. आता संगोपनात बापाचं नाव यावं, एवढीच भर हवी.

दारू पिऊन येणाऱ्याला काय शिकवणार, असं माझ्याच जुन्या सहकारी विचारतात. त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही. पण सगळेच पीत नाहीत, आणि न पिणाऱ्यालाही आपण आजवर बोलावलेलं नाही.

काम अवघड आहे, पण अशक्य नाही. मेळावा संध्याकाळी ठेवा, भजन सुटल्यावर, पारावर. मात्र तो सेविकेच्या डोक्यावर आणखी एक बोजा म्हणून टाकू नका. ती दिवसभर राबलेली असते, घरी तिचीही लेकरं असतात, अंधारात तिला एकटीला परत जायचं असतं. त्या दिवसाचं वेगळं मानधन द्या आणि सोबत एखादा पुरुष शिक्षक किंवा ग्रामसेवक द्या. पुरुषाचं पुरुष लवकर ऐकतात, हे कबूल करायला मला जड जातं, पण तसं आहे. आणि रजिस्टरात ज्याचं नाव त्याचीच सही घ्या. पहिल्या वर्षी आकडे पडतील. पडू द्या.

त्या पारावरचा 'बैलवाला' मला पुढे दोन महिन्यांनी भेटला. पोराला खांद्यावर घेऊन दवाखान्यात लसीला आला होता, बायको घरी. मला बघून म्हणाला, "मॅडम, बोलतो त्याच्याशी. पण ते आयकत नाही, बैल आयकते."

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला अजून अवकाश आहे. एक परिपत्रक निघायला जेवढा लागतो, तेवढा तरी नक्की आहे.

आपली,
एक निवृत्त मुख्यसेविका,
जि. यवतमाळ