भुऱ्याची वाटी

नागपूर, 9 जून

प्रिय मंजू,

काकूंच्या वर्षश्राद्धानंतर माझा एक फोन नाही, दोन ओळी नाहीत. रागावली असशील तर बरोबरच आहे. पण हे फोनवर सांगायला गेले असते तर मला रडूच आलं असतं. म्हणून लिहून राहिले. काकूंचा बोका भुऱ्या वाचला. आधी तेवढं वाच, मग पुढे.

मागच्या मंगळवारी तो सारखा वाळूत जाऊन बसत होता. पाठ ताणायची, ओरडायचं, अन् वाळू कोरडीच्या कोरडी. मला वाटलं पोट साफ होत नसेल. रात्री कूलरपुढे त्याच्या पोटावर हात फिरवला तर आत संत्र्यासारखा टणक गोळा! तशीच उचलून घेऊन गेले. लघवी पूर्ण अडली होती. डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली. बोक्यांची नळी बारीक असते, त्यात गाळ अडकतो. आणखी एक-दोन दिवस अंगावर काढलं असतं तर गेलाच असता गं.

डॉक्टरांनी विचारलं, खायला काय देता? मी म्हटलं, कोरडे दाणे अन् सकाळ-संध्याकाळ दूध-पोळी, पहिल्यापासून हेच. त्यांनी विचारलं, आधी राहायचा तिथे उंदीर होते का?

मंजू, माझ्या तोंडून शब्द फुटेना. कोठीघरातून भुऱ्या उंदीर धरून आला तेव्हा तू मला शपथ घातली होतीस, काकूंना सांगायचं नाही म्हणून. मी सांगितलं. तू पोळ्याला अबोला धरलास तो दुसऱ्याच दिवशी तान्ह्या पोळ्याला सोडलास, एवढं आपलं भांडण! पण महाल भागातल्या काकूंच्या वाड्यात तो नऊ वर्षं जगला ते कोठीघराच्या जिवावर. उंदरात सत्तर टक्के पाणी, हाडांतून कॅल्शियम, अन् टॉरिन नावाचं एक द्रव्य. ते कमी पडलं की मांजराचं हृदय फुगतं, नजर जाते. अमेरिकेत तयार खाण्यातही ते कमी पडायचं. हृदयाच्या दुखण्याचं ते कारण 1987 साली सापडलं. दूध-पोळी तो काकूंसाठी खायचा. अन् मी त्याला तिसऱ्या मजल्यावर आणून तेवढीच ठेवली. वर कोरडे दाणे, त्यात पाणी जेमतेम दहा टक्के, अन् बाहेर पंचेचाळीस डिग्री. मांजराला तहान मुळातच कमी. हे मला कळायला हवं होतं.

ह्यांनी तर मायेनं सावजी मटणाचे तुकडे धुऊन दिले होते एकदा. कांदा-लसूण धुऊन जात नाही, मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात त्यानं. मी फार बोलले ह्यांना. आता ते स्वतः गोकुळपेठेतून बिनहाडाचं चिकन अन् दोन-चार कोंबडीची हृदयं आणतात. मीठ-मसाला काही नाही, नुसतं थोड्या पाण्यात शिजवायचं अन् ते पाणीही द्यायचं, कारण टॉरिन पाण्यात उतरतं. पण हे वरचं खाणं. नुसत्या मांसात कॅल्शियम नाही, म्हणून मुख्य जेवण डब्यातलं ओलं, संपूर्ण आहाराचं. पूर्ण घरचंच द्यायचं तर डॉक्टरांकडून मोजमाप लिहून घ्यावं लागतं. पाण्याची मातीची पसरट भांडी तीन खोल्यांत ठेवली आहेत.

माझा गुडघा बरा आहे. तुझ्या बदलीचं काय झालं? चिन्मयचा निकाल लागला असेल, कळव.

आता खरं सांगायचं ते. घरी आल्यावर भुऱ्या दीड दिवस काही खाईना. जाड बोका उपाशी राहिला की लिव्हरवर चरबी चढते, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. स्टीलची ताटली, काचेचा बाऊल, सगळं झालं. शेवटी रात्री दोन वाजता काकूंची कल्हईची वाटी काढली अन् त्यात चिकनचं कोमट पाणी ओतलं. ज्या घरात अंडं आलं नाही, त्या घरची वाटी. हात थरथरत होता माझा. त्यानं कडेला गाल घासला, वास घेतला अन् चाटायला लागला. जिभेचा आवाज येत होता तेवढाच. वाटी कोरडी केली.

दुसऱ्या कशात अजूनही तोंड घालत नाही तो. वाटी तुझी आहे. तुला चालणार नसेल तर तसं लिही, मी घासून पाठवते. पण चालत असेल तर लवकर कळव, कारण मी रोज त्यातच वाढते आहे.

तुझी,
सुनी