हातातल्या ऑसिलोस्कोपचा काटा आधी तपासावा

प्रति,
माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या वजनकाट्याविषयीची पत्रे वाचकांच्या सदरात येऊ लागतात, आणि ती यायलाच हवीत, कारण काटा खोटा असला तर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचा हिशेबच खोटा ठरतो. मी आज एका निराळ्या काट्याविषयी लिहीत आहे. सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या गावांत इन्व्हर्टर, इंडक्शन शेगड्या, पंपांचे स्टार्टर आणि कंट्रोलर दुरुस्त करणाऱ्या कारागिरांच्या हाती गेल्या काही वर्षांत तळहातावर मावणारा स्वस्त ऑसिलोस्कोप (व्होल्टेज क्षणोक्षणी कसे बदलते ते पडद्यावर लहरीच्या रूपात दाखवणारे यंत्र) आला आहे. पूर्वी हे यंत्र महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच पाहायला मिळत असे. आता ते काही हजार रुपयांत घरपोच येते, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र खोक्यातून काढून ते तसेच कामाला लावण्याची आपली सवय ग्राहकाच्या खिशाला महागात पडते, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे.

दोन वर्षांपूर्वी तासगाव भागातील एका द्राक्ष बागायतदाराचा सौर पंपाचा कंट्रोलर माझ्याकडे आला. कंट्रोल बोर्डाला बाहेरून १५ व्होल्टचा सप्लाय देऊन मी स्कोप लावला, तर ड्रायव्हरच्या (पॉवर स्विचांना चालू-बंद करणाऱ्या आयसीच्या) आउटपुटवर जी लहर लख्ख चौकोनी दिसायला हवी होती तिचे कोपरे गोलावलेले दिसले आणि उंचीही कमी भरली. ड्रायव्हर कमजोर झाला, असे समजून मी आयसी बदलला. तरीही तेच दिसले म्हणून दुसरा बसवला. एप्रिलच्या उन्हात त्यांची बाग चार दिवस पाण्याविना राहिली. पाचव्या दिवशी दुसऱ्या, व्यवस्थित चालणाऱ्या बोर्डावर तोच प्रोब (स्कोपला जोडलेली, टोकाने मोजणी करणारी केबल) लावून पाहिला, तेव्हा तिथेही कोपरे तसेच गोल दिसले. दोष बोर्डात नव्हता, माझ्या प्रोबमध्ये होता. कंट्रोलरचा खरा बिघाड एका कनेक्टरखालच्या ड्राय सोल्डरमध्ये, म्हणजे नीट न धरलेल्या डागात, निघाला. दोन्ही आयसींचे पैसे मी परत केले, पण वाया गेलेले चार दिवस परत करता आले नाहीत.

हे का घडते, ते समजून घेणे अवघड नाही. प्रोबवरचे बटण दहापटीवर असते तेव्हा प्रोबच्या टोकाशी ९ मेगाओहमचा रोध असतो आणि स्कोपच्या आत १ मेगाओहमचा. त्यामुळे आलेल्या व्होल्टेजचा दहावा भाग स्कोपला मिळतो. हा हिशेब स्थिर डीसीपुरता पुरेसा आहे. परंतु स्कोपच्या तोंडाशी आणि प्रोबच्या केबलमध्ये थोडे कपॅसिटन्सही (विद्युतभार साठवण्याची क्षमता) असते, आणि लहर झटकन वर-खाली होते तेव्हा तिची वाटणी रोधांपेक्षा या कपॅसिटन्सवर अधिक अवलंबून राहते. रोधांनी केलेली वाटणी आणि कपॅसिटन्सने केलेली वाटणी एकाच प्रमाणात यावी, यासाठीच प्रोबच्या अंगावर बारीक खाचेचा ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरवून कपॅसिटन्स कमी-जास्त करण्याचा भाग) दिलेला असतो. प्रत्येक स्कोपचे कपॅसिटन्स थोडे वेगळे असते, म्हणून एका स्कोपशी जुळवलेला प्रोब दुसऱ्याला जुळलेलाच असेल असे धरून चालता येत नाही. दोन चॅनेलांच्या स्कोपमध्ये तर प्रत्येक चॅनेलला त्याचा प्रोब ठरवून त्यावर खूण करून ठेवावी.

बहुतेक स्कोपवर १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर देणारे चाचणीचे टोक असते. प्रोब दहापटीवर ठेवून, स्कोप डीसी कपलिंगवर (लहर जशीच्या तशी आत घेणाऱ्या जोडणीवर) घेऊन त्या टोकाला लावावा. कोपरा गोल दिसला तर ट्रिमरने केलेली भरपाई कमी आहे, कोपऱ्यावर काटेरी टोक उभे राहिले तर ती जास्त झाली आहे. माथा सपाट आणि कोपरा काटकोनात येईपर्यंत ट्रिमर अगदी किंचित किंचित फिरवावा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडीवरून कानस जरा फिरवतो, तार छेडून ऐकतो आणि मगच पुन्हा हात लावतो. इथेही तोच संयम लागतो. स्क्रूड्रायव्हर प्लॅस्टिकचा असावा. लोखंडी पाते खाचेत असताना लहर एक दिसते आणि पाते बाजूला घेताच दुसरी होते, म्हणून प्रत्येक वेळी हात काढून मगच पडद्याकडे पाहावे. बटण एकपटीवर असताना हा ट्रिमर कितीही फिरवला तरी काही फरक पडत नाही, हेही लक्षात असू द्यावे. काही स्कोपमध्ये खुद्द आतल्या रेंजसाठीही असे ट्रिमर असतात. तेही याच लहरीवर, प्रोबच्या आधी जुळवायचे असतात.

स्कोपला असे टोक नसेल, तर ५५५ टायमर या आयसीच्या साध्या सर्किटने ही लहर घरी काढता येते. मोबाइलच्या हेडफोन जॅकमधून काढलेली चौकोनी लहर मात्र वापरू नये, कारण त्या वाटेने येताना तिचे माथे आणि कोपरे आधीच बदललेले असतात आणि आपण तिच्यावरून चांगला प्रोब बिघडवून बसतो. तसेच एसी कपलिंगवर (स्थिर डीसी भाग कपॅसिटरने अडवणाऱ्या जोडणीवर) ५० हर्ट्झच्या आसपासच्या चौकोनी लहरीचा माथा उतरता दिसला, तर तो कपलिंगच्या कपॅसिटरचा स्वाभाविक परिणाम आहे. तो ट्रिमरने सरळ करायला जाऊ नये.

व्होल्टेजची पडताळणी करण्याआधी स्कोप पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावा आणि चार्जर काढून बॅटरीवरच वापरावा, कारण स्वस्त चार्जरची खरखर थेट रेषेत उतरते. प्रोबचे टोक त्याच्याच ग्राउंडच्या क्लिपला जोडून प्रत्येक रेंजला रेषा शून्यावर आहे का पाहावे. नसेल तर मेन्यूतून ती शून्यावर आणावी. मग चार नवे पेन्सिल सेल होल्डरमध्ये घालून त्यांच्या दोन टोकांना मल्टिमीटर आणि स्कोप एकाच वेळी जोडावेत. सेल नेमके किती व्होल्टचे आहेत याला इथे महत्त्व नाही. दोन्ही यंत्रे एकाच क्षणी एकच व्होल्टेज पाहत आहेत, यातच सारे आले. साध्या डिजिटल मल्टिमीटरची डीसी अचूकता बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते आणि अशा स्कोपची ३ टक्के, म्हणून मल्टिमीटरला प्रमाण मानायला हरकत नाही. मीटरवर ६.३० व्होल्ट असताना स्कोपने ६.१५ दाखवले, तर ते ३ टक्क्यांच्या आत आहे आणि ते तसेच सोडावे. शिवाय ८ बिटांच्या स्कोपचे २ व्होल्ट प्रति घराच्या (पडद्यावरच्या जाळीच्या एका चौकोनाच्या) रेंजमध्ये, आठ घरांच्या पडद्यावर, १६ व्होल्टचे २५६ भाग होतात. म्हणजे एक पायरीच सुमारे ६२ मिलिव्होल्टची असते आणि त्याहून बारीक फरकाचा ध्यास घेण्यात अर्थ नाही. प्रत्येक रेंजचा फरक तारखेसह वहीत लिहावा. माझ्या अनुभवात ही वही ट्रिमरपेक्षा अधिक उपयोगी पडते.

वेळेच्या मापाची फार चिंता नको, कारण स्कोपमधला क्वार्ट्झ क्रिस्टल पडद्यावर डोळ्यांना जाणवेल इतका सहसा चुकत नाही. तरी खात्री करायची असेल तर ९ व्होल्टच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूला स्कोप लावावा. ५० हर्ट्झची एक लहर २० मिलिसेकंदांची असते, म्हणजे ५ मिलिसेकंद प्रति घर ठेवल्यास ती नेमकी चार घरे व्यापते. याच लहरीवरून व्होल्टेज मात्र जुळवू नये, कारण घरच्या विजेची लहर शुद्ध साइन नसते, तिचे माथे अनेकदा दबलेले असतात.

इथे मला कळकळीने सांगायचे आहे की, तपासणीच्या नावाखाली कोणीही हा स्कोप थेट घरच्या सॉकेटला किंवा एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) प्राथमिक, म्हणजे घरच्या विजेला जोडलेल्या, बाजूला लावू नये. २३० व्होल्टच्या विजेचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टचे असते, आणि अनेक छोट्या स्कोपची मर्यादा अवघी ५० व्होल्ट असते. स्कोप बॅटरीवर चालतो म्हणून तो सुरक्षित आहे, हा समज तर जिवावर बेतणारा आहे. क्लिप चुकून फेजला लागली, तर प्रोबच्या सॉकेटचे उघडे धातूचे कडेच फेजवर येते आणि आपला हात बरोबर तिथेच असतो.

घरी आपण करतो ती पडताळणी आणि जुळवणी आहे. कागदोपत्री कॅलिब्रेशन म्हणायचे तर त्यासाठी एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र लागते, ज्याची साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते. दोन-चार हजारांच्या स्कोपसाठी तो खर्च कोणी करणार नाही आणि करूही नये. पण ज्या मल्टिमीटरला आम्ही प्रमाण मानतो, तो तरी खरा आहे का, हा प्रश्न उरतोच.

म्हणून माझी एक विनंती आहे. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि जिल्ह्यातील तंत्रनिकेतने यांनी तीन महिन्यांतून एक दिवस आपल्या प्रयोगशाळेतील एक प्रमाणित मीटर आणि एक स्थिर व्होल्टेज स्रोत स्थानिक कारागिरांसाठी खुला ठेवावा. कारागिराने आपला मीटर आणावा, चार व्होल्टेजना तुलना करून आकडे लिहून घ्यावेत आणि परत जावे. एका माणसाला पंधरा मिनिटे पुरतील. विद्यार्थ्यांनाही कामावरची, झिजलेली यंत्रे हाताळायला मिळतील. बाजारातला तराजू ठरावीक मुदतीने तपासून त्यावर शिक्का मारण्याची व्यवस्था कायद्यानेच आहे. आमच्यावर तसे बंधन नाही, पण ज्याची वस्तू आमच्या टेबलावर येते त्याचे पैसे आमच्या यंत्राच्या आकड्यावर ठरतात. अशी सोय कोणी केली, तर माझा मल्टिमीटर आणि ती वही घेऊन मी पहिल्याच दिवशी हजर राहीन.

आपला विश्वासू,
एक इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती कारागीर,
विश्रामबाग, सांगली