प्लग मुठीत देणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,

त्या दुपारी आपले नाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे पत्र असे उघडच लिहीत आहे.

छातीत दुखते म्हणून सासूबाईंना आम्ही तालुक्याच्या रुग्णालयात ई.सी.जी.साठी आणले, तेव्हा माझा दहा वर्षांचा मुलगा सोबत होता. आपण त्यांच्या मनगटांना आणि घोट्यांना चिमटे लावू लागताच तो किंचाळून तारा ओढायला धावला. दोन पावसाळ्यांपूर्वी विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर ओल्या हाताने दाबताना त्याचे आजोबा गेले. अंगाला तार लागली की माणूस जातो, एवढेच त्याला तेव्हापासून ठाऊक होते.

त्याच्या प्रश्नाला कोणी उत्तरच दिले नव्हते. घरात आम्ही ‘देवाने नेले’ म्हणून विषय मिटवला. शाळेत ‘हे परीक्षेला नाही, खाली बस’ असे त्याला ऐकावे लागले. आणि महिन्यापूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात याच तपासणीच्या वेळी त्याला दंडाला धरून बाहेर काढण्यात आले.

आपण मात्र भिंतीतला प्लग काढून त्याच्या मुठीत दिला. यंत्र बॅटरीवर चालू राहिले, कागद सरकत राहिला, आणि आपण म्हणालात, “प्लग तुझ्या हातात आहे ना? आता बघ. यंत्र आजीला काही देत नाही, आजीच यंत्राला देते आहे.” बाहेर रुग्णांची रांग होती, तरी आपल्या आवाजात घाई नव्हती. घरी येईपर्यंत त्याने मूठ उघडली नाही. तळव्यावर प्लगच्या पिनांचे वळ तसेच होते.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, तोच दर ठोक्याचा विजेचा इशारा देतो आणि हृदयातल्या विजेचा त्वचेपर्यंत पोहोचणारा अंश जेमतेम एक मिलीव्होल्ट, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टच्या दोन लाखाव्या भागाहूनही कमी असतो, हे मलाही त्याच दिवशी कळले. “मग आजीला चार्ज कोण करते?” या त्याच्या प्रश्नावर आपण हसला नाहीत. “भाकरी,” असे म्हणून, अन्नातल्या ऊर्जेवर पेशी सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलत राहतात व त्या फरकातून ही वीज उभी राहते, हे आपण त्याला समजेल असे सांगितले.

मग त्याने आजोबांविषयी विचारले. आपण नजर चुकवली नाही. ओल्या त्वचेतून प्रवाह सहज शिरतो, सेकंदाला ५० वेळा हेलकावणारा तो प्रवाह छातीतून गेला की हृदयाची स्वतःची लय मोडते, आणि नुसते थरथरणारे हृदय रक्त पुढे ढकलू शकत नाही, असे आपण सांगितले, तेव्हा माझा मुलगा दोन वर्षांत प्रथमच आजोबांसाठी रडला. लहान मुलाच्या भीतीला खरे उत्तर देण्याइतका मान देणारी माणसे मला फार थोडी भेटली आहेत.

सासूबाई आता बऱ्या आहेत. आपण दिलेली कागदाची जादा पट्टी त्याने वहीत चिकटवली असून, दोन ठोक्यांमधले मोठे चौकोन मोजून तो ३०० ला भागतो. आजीचे ठोके मिनिटाला ७५ निघाले. परवा तो प्रथमच विहिरीवर गेला आणि स्टार्टरपासून दूर उभा राहून त्याने वडिलांना विचारले, “बाबा, अर्थिंगची तार जमिनीत नीट पुरली आहे ना?”

आपली ऋणी,
त्या मुलाची आई