अमेरिकी कुटुंबाचा जमाखर्च शेअर निर्देशांकात दिसत नाही

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या अर्थकारणाच्या ज्या बातम्या आपल्या दैनिकात ठळकपणे येतात, त्या बहुधा फेडरल रिझर्व्ह (‘फेड’) या तिथल्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर, शेअर बाजाराचा निर्देशांक आणि अलीकडे आयातशुल्क यांच्याविषयी असतात. भारतीय बाजारावर या तिन्हींचा परिणाम होतो, त्यामुळे त्यात वावगे काही नाही. परंतु मी राहतो त्या अमेरिकेतल्या, म्हणजे इथल्या, सामान्य कुटुंबाच्या जमाखर्चाचा एवढ्या बातम्यांवरून अंदाज बांधू गेल्यास तो चुकण्याचीच शक्यता अधिक. सरकारने एकूण किती पैसा खर्च केला यापेक्षा तो कोणत्या अटीवर, केव्हा आणि कोणाच्या खात्यात गेला, यावर घराचे गणित ठरते. ‘चाइल्ड टॅक्स क्रेडिट’ या करसवलतीचा गेल्या काही वर्षांतला इतिहास याची साक्ष देतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

ही सवलत १९९७ सालच्या कायद्याने आली आणि २०१७च्या कायद्याने तिची रक्कम मुलामागे कमाल २,००० डॉलर झाली. ती देय करातून थेट वजा होते. वर्षाला ४ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या दाम्पत्याला ती पूर्ण मिळते. ज्यांचे उत्पन्न इतके कमी की मुळात करच बसत नाही, त्यांना मात्र कमाईतले पहिले २,५०० डॉलर सोडून उरलेल्या रकमेच्या फक्त १५ टक्के परतावा मिळतो, आणि त्यालाही वरची मर्यादा आहे. वर्षाला १०,००० डॉलर कमावणाऱ्या, दोन लहान मुलांच्या एकट्या आईचा हिशेब करून पाहावा: ७,५०० डॉलरचे १५ टक्के म्हणजे १,१२५ डॉलर, तेही दोन्ही मुलांचे मिळून. पावणेचार लाख कमावणाऱ्या दाम्पत्याला मात्र दोन मुलांसाठी तेव्हा ४,००० डॉलर. सवलत मुलांसाठी आहे असे म्हणायचे आणि सर्वांत गरीब मुलाला ती सर्वांत कमी द्यायची, ही रचना मला आजही अनाकलनीय वाटते.

मार्च २०२१मध्ये मंजूर झालेल्या ‘अमेरिकन रेस्क्यू प्लॅन’ या करोनाकाळातील मदत योजनेने ही रचना एका वर्षापुरती बदलली. सहा वर्षांखालील मुलासाठी ३,६०० आणि सहा ते सतरा वर्षांच्या मुलासाठी ३,००० डॉलर अशी रक्कम ठरली, कमाईची अट काढून टाकण्यात आली, आणि निम्मी रक्कम जुलै ते डिसेंबर या काळात दरमहा थेट खात्यात जमा होऊ लागली. वर उल्लेखलेल्या आईची दोन्ही मुले सहा वर्षांखालील असतील, तर तिचा वर्षाचा हक्क १,१२५ वरून ७,२०० डॉलरवर गेला. सुमारे सहा कोटी मुलांच्या घरी हे पैसे पोहोचले आणि जनगणना विभागाच्या पाहण्यांत अन्न, कपडे व शाळेचे साहित्य यांवर ते खर्च झाल्याचे कुटुंबांनी सांगितले. ज्यांनी कधी कराचे विवरणपत्रच भरलेले नव्हते अशा अतिगरीब घरांना मात्र त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागला. म्हणजे ज्याला गरज जास्त, त्यालाच कागद जास्त. हा अनुभव महाराष्ट्रातील वाचकांनाही नवा नसावा.

परिणाम किती झाला, हे कोणते माप लावता यावर अवलंबून आहे. इथली अधिकृत दारिद्र्यरेषा १९६०च्या दशकात, किमान आहाराच्या खर्चाची तिप्पट धरून आखलेली आहे आणि ती फक्त करपूर्व रोख उत्पन्न मोजते. करसवलत तिच्या हिशेबात येतच नाही. त्यामुळे या मापाने बालदारिद्र्य २०२१मध्ये १५.३ टक्के आणि २०२२मध्ये १५ टक्के, म्हणजे जवळजवळ जैसे थे दिसते. जनगणना विभागच प्रसिद्ध करत असलेल्या पूरक मापात कर, करसवलती, अन्नसाहाय्य आणि घरभाड्याची मदत हे सारे धरले जाते. त्या मापाने बालदारिद्र्य २०२०मध्ये ९.७ टक्के होते, २०२१मध्ये ते ५.२ टक्क्यांवर उतरले आणि सवलतीची मुदत संपल्यावर २०२२मध्ये १२.४ टक्क्यांवर गेले. या चढउताराला करोनाकाळातील इतर रोख मदत आणि महागाई यांचाही हातभार होता, हे खरे. तरीही एकाच धोरणाच्या येण्याजाण्याचा माग इतका स्पष्ट दिसणे दुर्मीळ आहे.

मुदतवाढ का मिळाली नाही, हेही समजून घेतले पाहिजे. वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर जो मँचिन यांनी डिसेंबर २०२१मध्ये पाठिंबा नाकारला आणि समसमान विभागलेल्या सिनेटमध्ये तेवढ्याने विषय संपला. विरोधकांचे आक्षेप पोकळ नव्हते. कमाईची अट कायमची काढल्यास सुमारे १५ लाख पालक काम सोडतील, असा अंदाज शिकागो विद्यापीठातील अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने मांडला होता. प्रत्यक्ष हप्ते मिळाले त्या काळात नोकऱ्यांवर तसा मोठा परिणाम आढळला नाही, पण सहा महिन्यांवरून कायमचा निष्कर्ष काढता येत नाही, हे मीही मान्य करतो. दुसरा आक्षेप महागाईचा होता आणि जून २०२२मध्ये ग्राहक किंमत निर्देशांकातील वार्षिक वाढ ९.१ टक्क्यांवर गेल्यावर त्याला धार आली. परंतु १.९ लाख कोटी डॉलरच्या त्या संपूर्ण योजनेत या सवलतवाढीचा वाटा दहा हजार कोटींहून थोडासाच अधिक होता. महागाईचे सारे खापर मुलांच्या हप्त्यांवर फोडणे मला न्याय्य वाटत नाही.

महागाईवर उपाय म्हणून फेडने मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात व्याजदर जवळजवळ शून्यावरून सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला. भारतातील बहुतेक गृहकर्जे बदलत्या दराची असल्याने रेपो दर वाढला की जुन्या कर्जदाराचाही हप्ता किंवा मुदत वाढते. इथे मात्र तीस वर्षे एकाच दराचे गृहकर्ज हा सर्वसाधारण प्रकार आहे. जानेवारी २०२१मध्ये २.६५ टक्के दराने तीन लाख डॉलरचे कर्ज घेतलेल्या कुटुंबाचा मासिक हप्ता सुमारे १,२०९ डॉलर आहे आणि दर कितीही वाढला तरी तो तेवढाच राहणार. ऑक्टोबर २०२३मध्ये सरासरी दर ७.७९ टक्क्यांवर होता, तेव्हा तेवढेच कर्ज घेणाऱ्याला सुमारे २,१५८ डॉलर भरावे लागतात. शेजारी-शेजारी राहणाऱ्या, सारखाच पगार असलेल्या दोन घरांत दरमहा साडेनऊशे डॉलरचा फरक! त्यातच कमी दराचे कर्ज सुटू नये म्हणून जुने मालक घर विकेनासे झाले, बाजारात घरे कमी आली आणि चटका बसला तो भाडेकरूंना व प्रथमच घर घेणाऱ्या तरुणांना. ‘अमेरिकेत व्याजदर वाढले’ या एका ओळीच्या बातमीत हे दिसत नाही.

इथल्या मराठी घरांशीही या धोरणांचा संबंध येतो. मार्च २०२०च्या करोना मदत कायद्यात एकत्रित विवरणपत्र भरणाऱ्या पती-पत्नींपैकी एकाकडे जरी सोशल सिक्युरिटी क्रमांक (सरकारी ओळख क्रमांक) नसला, तरी संपूर्ण कुटुंबाची मदत नाकारली जात होती. नोकरीच्या व्हिसावर आलेल्या अनेक घरांत कामाची परवानगी नसलेल्या जोडीदाराकडे हा क्रमांक नसतो; त्यामुळे कर नियमित भरूनही, अमेरिकेत जन्मलेले मूल घरात असूनही, काही मिळाले नाही. डिसेंबर २०२०च्या कायद्याने ही अट सैल केली. दर वर्षी ओळखीच्या काही घरांची विवरणपत्रे भरण्यास मी मदत करतो, म्हणून अशा बारीक अटींचे वजन मला ठाऊक आहे.

पुढे जानेवारी २०२४मध्ये प्रतिनिधिगृहाने गरीब कुटुंबांचा परतावा वाढवणारे विधेयक ३५७ विरुद्ध ७० अशा मोठ्या बहुमताने संमत केले, पण १ ऑगस्टला ते सिनेटमध्ये अडले. जुलै २०२५च्या कायद्याने सवलतीची कमाल रक्कम २,२०० डॉलर केली खरी, पण २,५०० डॉलर आणि १५ टक्के ही सूत्रे तशीच ठेवली. दहा हजार डॉलर कमावणाऱ्या त्या आईला या वाढीतून एक सेंटही मिळत नाही. तिचे १,१२५ तिथेच आहेत.

जनगणना विभाग दर वर्षी सप्टेंबरमध्ये उत्पन्न आणि दारिद्र्य यांचा अहवाल प्रसिद्ध करतो. अमेरिकेचा विकासदर आणि निर्देशांक यांना आपण देता तेवढी नाही, तरी त्याच्या निम्मी जागा या अहवालाला द्यावी आणि त्यातील अधिकृत व पूरक असे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापावेत, ही नम्र विनंती.

आपला,
एक वाचक, न्यू जर्सी