आईंच्या विनागरची शेवटची बाटली

मडगाव,
२ जून २०२५

प्रिय रेजिना,

फेब्रुवारीपासून तुझे दोन मेसेज वाचून तसेच ठेवलेत. रागावली असशील तर रागाव, पण हे आधी पूर्ण वाच. आम्ही बरे आहोत, माझं बीपी गोळीवर आहे, तब्येतीचं एवढंच. आज लिहितेय ते तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही म्हणून. माझ्या आजीची लोणच्याची बरणी फोडून अकरा वर्षं गप्प राहिलेलं माणूस मला एकच माहीत आहे.

आईंचं विनागर संपलं. संपलं म्हणजे निम्मं मी वाया घालवलं.

सासूबाई गेल्या तेव्हा कोठीत त्यांच्या हातच्या, माडाच्या सुरेच्या विनागरची एकच बाटली उरली होती. ती मी पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, चोरिससाठी राखून ठेवली, आतड्यात भरून दोऱ्याने मणी पाडतात त्या सॉसेजसाठी. आठ किलो डुकराचं मांस मिठात दाबून त्याचं पाणी काढलं. मिरच्या, लसूण, आलं, मिरी, जिरं सगळं त्या विनागरात वाटलं, वरून थोडी फेणी. तीन दिवस मुरलं. संध्याकाळी हे कामावरून आले आणि उंबऱ्यातच थांबले. ‘मांयचो वास,’ एवढंच म्हणाले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

भरायला मशीन काढलं. हो, तेच. ‘चोरिस काय परकर आहे, मशीनवर शिवायला?’ असं तू म्हणाली होतीस आणि मी फोन आपटला होता. रेजिना, मशीन वाईट नाही, हे मी आजही म्हणते. आईंची बोटं आखडायला लागली तेव्हा मी ते घेतलं. स्टीलचं उभं नळकांडं, हँडल फिरवलं की आट्यांच्या दांड्यावरून दट्ट्या खाली येतो आणि मांस नळीतून आतड्यात उतरतं. पण ते बनवलंय खिम्यासाठी आणि आपल्या चोरिसला लागतात फोडी. आतडं बसतं ते बावीस मिलिमीटरच्या नळीवर, तिच्यातून सेंटिमीटरपेक्षा मोठी फोड सरकत नाही. बत्तीसची नळी लावावी तर आतडं चढवतानाच फाटतं. फोड अडकली की हँडल जड होतं, तेव्हा थांबून नळी मोकळी करायची. जोर केलास तर गिअरचे दातेच जातात. आई बाजूला पाट घेऊन बसायच्या आणि म्हणायच्या, ‘बोटांक कळटा.’ किती भरलं, कुठे हवा राहिली, ते बोटांना कळतं.

चूक गेल्या मेमध्येच झाली. काम संपल्यावर दमून मी अख्खं मशीन नळाखाली धरलं, गिअरच्या पेटीसकट. पेटी नुसती कोरड्या फडक्याने पुसायची असते, पाणी शिरलं की आत गंज धरतो. दट्ट्याभोवतीचं रबर काढून वेगळं धुवायचं, पूर्ण वाळवायचं, पुढच्या वेळी बसवताना त्याला खाण्याचं तेल लावायचं. तेही केलं नाही. वर्षभर ते खाचेत तसंच दाबलेलं राहिलं. यंदा हँडल करकरलं तर मी गिअरमध्ये आणि दांड्यावर शिवणयंत्राचं तेल सोडलं. आपल्या घरात तेल म्हटलं की तेच हाताला लागतं.

पहिले चार किलो नळकांड्यात घातले. हवा निघायची दट्ट्यातली बारीक झडप मी सुईने साफ केली होती, म्हणून वाटलं, सगळं नीट आहे. अर्ध्यावर मांस दट्ट्याच्या कडेने वर यायला लागलं. रबर फाटलं होतं. वर आलेलं मी बोटांनी गोळा केलं आणि परत आत ढकललं. एकदा नाही, तीनदा. चौथ्यांदा बोटं काळी झालेली दिसली. दांड्यावरून तेल आणि गंज उतरून सगळ्यात मिसळला होता.

हे मिसाला गेले होते. परसात खड्डा खणून मी ते सगळं पुरलं, भरलेले मणीसुद्धा. वरून दगड ठेवला, कुत्री उकरू नयेत म्हणून. आणि त्यांना सांगितलं की पावसाने घात केला, निम्मे वाळले नाहीत, बुरशी धरली. यंदा तो २४ मेला केरळात आला आणि दोन दिवसांत मुंबईपर्यंत पोचला, त्यामुळे कुणालाही पटावं. ह्यांना पटलं. तेव्हापासून आभाळाकडे बघून ते पावसाला बोलतात आणि मला घास गिळवत नाही.

उरलेले चार किलो आईंच्या पत्र्याच्या नरसाळ्यातून अंगठ्याने ढकलत भरले. रात्रीचे दोन वाजले. दर दोन बोटांवर दोरा बांधला, रोझरीसारख्या माळा केल्या. आता चुलीवर धुरात टांगल्यात. मणी लहानमोठे झालेत, काही आईंच्यासारखेच.

तुझ्या गुडघ्याचं काय? धाकट्याने प्रवेश कुठे घेतला? वाडीतली केळी वाऱ्यात पडली असं वहिनी म्हणाली, खरं का? पापडीच्या घराचा वाद मिटला असेल तर दोन ओळी टाक. नसेल तर भेटल्यावर बोलू.

मोठे दीर ऑगस्टमध्ये जहाजावरून उतरतात. दर फोनला विचारतात, आईचे चोरिस ठेवलेत ना. त्यांच्या पानात तो मणी वाढायच्या आधी मला ह्यांच्याशी बोलायचंय. पुरलं ते मांस होतं म्हणून नाही, त्यात ती बाटली होती म्हणून. रोज रात्री दिवा मालवला की तोंड उघडते आणि उद्याची भाजी काय करू ते विचारते.

तू मला बरणीचं सांगितलंस तो दिवस मला निम्माच आठवतो. निर्मळची जत्रा, तुझ्या हातात खाजाचा पुडा आणि तू रडतेयस. त्याआधी काय बोललीस? पहिलं वाक्य कुठलं होतं? तेवढं लिहून पाठव. फोन करू नकोस, फोन ह्यांच्या उशाशी असतो.

तुझीच,
फिलू