बालरुग्ण विभागातील अनाम मदतनीसांचे जाहीर आभार

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या खेड्यांतून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुले आमच्या बालरुग्ण विभागात दाखल होतात, तेव्हा त्यांना औषधाइतकीच गरज असते ती पुढे काय होणार हे समजेल अशा शब्दांत सांगणाऱ्या माणसाची. खेळातून मुलांच्या मनाची उपचारांसाठी तयारी करणे आणि आईवडिलांना धीर देणे हे माझे काम आहे. परंतु ज्यांच्यामुळे ते पार पडते, त्यांची नावे कुठल्याच नोंदवहीत नाहीत.

उरलेल्या कापडाच्या बाहुल्या शिवून पाठवणाऱ्या शिंपीकाकांचे मी प्रथम आभार मानते. गेल्या पावसाळ्यात हातपाय दुखून कळवळणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीने त्यातल्या एका बाहुलीच्या हाताला स्वतः चिकटपट्टी लावली, सलाईनची नळी जोडली, "हालू नोको, थोडसंच दुखते," असे तिला बजावले आणि मगच आपला हात सिस्टरपुढे केला. तिच्या आजीला केवळ गोंडी येत होती. शेजारच्या खाटेवरील मुलाच्या आईने, स्वतःचे लेकरू तापाने फणफणलेले असताना, रात्रभर दुभाष्याचे काम केले. रक्त का चढवायचे हे आजीला तिच्या बोलीत कळले नसते, तर ती पहाटेच नातीला घेऊन गावाकडे निघाली असती. त्या माऊलीचे ऋण फार मोठे आहे.

थंडीने या मुलांच्या वेदना बळावतात, हे ऐकून गोधड्या शिवून देणाऱ्या बचतगटाच्या ताईंचे, तसेच शेवटची एस.टी. चुकलेल्या बापाला ओसरीवर निजू देऊन सकाळी भाकर बांधून देणाऱ्या कुटुंबाचेही मनःपूर्वक आभार. ती मुलगी आता घरी आहे. जाताना बाहुली मात्र तिने पुढच्या लेकरासाठी उशाशी ठेवली.